हाडासाठीचा सच्छिद्र स्कॅफोल्ड: नव्वद टक्क्यांचा हट्ट आधी सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल हे पॉलिमर, आणि नॅनो हायड्रॉक्सीअॅपेटाइट, म्हणजे हाडातल्या खनिजाची अतिसूक्ष्म पावडर, यांचा संमिश्र स्कॅफोल्ड, म्हणजे नवे हाड आत वाढावे म्हणून बसवायचा सच्छिद्र आधार, केला आहे. पॉलिमरच्या द्रावणात मीठ मिसळायचे, सुकवायचे आणि मग पाण्यात ठेवून मीठ काढून टाकायचे, ही पद्धत वापरली. पेपरांत वाचले म्हणून ९० टक्के सच्छिद्रता साधली. पण दाबून पाहिल्यावर ताकद जेमतेम ०.२ मेगापास्कल आली आणि सेमिनारमध्ये परीक्षकांनी विचारले, ‘हाडाएवढी ताकद का नाही?’ आता हायड्रॉक्सीअॅपेटाइट वाढवावे, पद्धत बदलावी की पॉलिमरच बदलावा? हातात आठ महिने आहेत.

मी बरीच वर्षे हेच काम करतो आहे, आणि हा प्रश्न जवळपास दर वर्षी एखादा विद्यार्थी घेऊन येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमचे ०.२ चुकलेले नाही. नव्वद टक्के पोकळ पीसीएलकडून एवढेच मिळते, आणि ते प्रयोगाआधी कागदावर काढता येते. लोर्ना गिब्सन आणि मायकेल अॅशबी यांनी फेसासारख्या सच्छिद्र पदार्थांचे गणित बसवले आहे. त्यानुसार ताठपणा सापेक्ष घनतेच्या वर्गाने उतरतो, आणि न तडकता वाकणाऱ्या पदार्थाची ताकद दीड घाताने. भरीव पीसीएलचा ताठपणा ढोबळमानाने ४०० मेगापास्कल धरा. नव्वद टक्के पोकळी म्हणजे माल उरला एक दशांश. त्याचा वर्ग एक शतांश, म्हणजे हाती राहिले ४ मेगापास्कल. ताकदीचेही तसेच. भरीव पीसीएल साधारण १६ मेगापास्कलला कायमचे वाकते. त्याला ०.१ चा दीड घात आणि ०.३ चा गुणक लावला की ०.१५ येते. तुम्हाला ०.२ मिळाले, म्हणजे काम नीट झाले आहे.

हेच गणित ७० टक्के सच्छिद्रतेला केले तर ताठपणा ३६ आणि ताकद ०.८ येते. ६० टक्क्यांना ६४ आणि १.२. आता हाडाचे आकडे पाहा. आतल्या जाळीदार हाडाचा ताठपणा साधारण ५० ते ५०० मेगापास्कल आणि दाबाखालची ताकद २ ते १२. बाहेरच्या घट्ट हाडाची ताकद १०० ते २३० मेगापास्कल. त्यामुळे परीक्षकांना उलट विचारायला हवे, की कोणत्या हाडाएवढी? घट्ट हाडाची बरोबरी सच्छिद्र पीसीएल कधीच करणार नाही, त्यात हायड्रॉक्सीअॅपेटाइट कितीही घाला. जाळीदार हाडाच्या ताठपणाची खालची पायरी मात्र ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास गाठता येते. नव्वदला तीही येत नाही.

हे नव्वद आले कुठून, तेही सांगतो. मीठ काढून केलेले पॉलिमरचे फेस १९९० च्या दशकात खूप गाजले. पेशींना जागा जितकी जास्त तितके चांगले, असा तेव्हा समज होता आणि सच्छिद्रतेचा मोठा आकडा पेपरात शोभून दिसायचा. मग एका पेपरातून दुसऱ्यात तो उतरत गेला. छिद्रांच्या आकाराचेही तसेच झाले आहे. हुलबर्ट यांच्या १९७० च्या सुमाराच्या कामातून किमान १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हा आकडा आला. कराजॉर्जियू आणि कॅप्लन यांनी २००५ मध्ये सगळ्याचा आढावा घेतला आणि रक्तवाहिन्या आत शिराव्यात म्हणून ३०० मायक्रॉनपेक्षा मोठी छिद्रे सुचवली. तो आढावा मुळातून वाचा. सच्छिद्रता वाढली की ताकद घटते आणि वरची मर्यादा त्यातूनच ठरते, हे त्यात स्पष्ट आहे. तेवढे वाक्य पुढे कुणी उचलत नाही.

तेव्हा डिझाइनची सुरुवात टक्केवारीने करू नका. हा तुकडा शरीरात कुठे बसणार, हे आधी ठरवा. दात काढल्यावर जबड्यात राहिलेला खळगा, मेंदूच्या शस्त्रक्रियेत कवटीला पाडलेले भोक, आणि अपघातात मांडीच्या हाडाचा गेलेला तीन सेंटीमीटरचा तुकडा ही तीन वेगळी कामे आहेत. खळग्याला चारही बाजूंनी हाडाची भिंत असते, तिथे भार जवळपास नाहीच. कवटीच्या भोकाला आकार टिकवायचा असतो, बोटाने दाबले तर आत जाऊ नये एवढेच. मांडीच्या हाडात प्लेट किंवा नेल घातल्याशिवाय कोणताही सर्जन असा स्कॅफोल्ड बसवणार नाही. भार धातू घेतो, स्कॅफोल्डने हाडाला वाट द्यायची असते. उलट फार ताठ तुकडा बसवला तर आजूबाजूच्या हाडावर भारच येत नाही आणि ते झिजते. सर्जनशी एकदा बोलाच. माझ्या ओळखीच्या एका ऑर्थोपेडिक सर्जनांनी आमचा तुकडा हातात घेऊन तीनच गोष्टी केल्या. अंगठ्याने दाबला, कात्रीने कोपरा कापून पाहिला, आणि विचारले, ‘हा रक्त पितो का?’ आमच्याकडे ताकदीचे आलेख होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

तो तिसरा प्रश्नच माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थांबतो.

छिद्रे किती यापेक्षा ती एकमेकांत उघडतात का, आणि किती रुंद उघडतात, यावर सगळे ठरते. पेशी केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असली तरच तिला पुरेसा ऑक्सिजन मिळतो. पाच मिलिमीटर जाड तुकड्याच्या मध्यावर बसलेली पेशी रक्तवाहिनी येईपर्यंत उपाशी असते. तीनशे मायक्रॉनची खोली असेल आणि तिचे दार वीस मायक्रॉनचे, तर एखादी पेशी अंग चोरून आत जाईल. तिच्यामागून केशवाहिनी आणि तिच्याभोवती नवे हाड कसे जाणार? मीठ काढण्याच्या पद्धतीत नेमके हेच होते. द्रावण मिठाच्या प्रत्येक कणाभोवती पातळ कातडे धरते. दोन कण जिथे खरोखर टेकलेले असतील तिथेच दार पडते, बाकी ठिकाणी पडदा राहतो. वरच्या पृष्ठभागावर तर सबंध कातडीच येते, ती घासून किंवा कापून काढावी लागते.

यावरचा उपाय मला पावसाळ्याने शिकवला. तेव्हा आमची प्रयोगशाळा मुंबईत होती. जुलैतल्या एका बॅचचे तुकडे जानेवारीतल्या बॅचपेक्षा कितीतरी पटकन द्रव शोषत होते. कृती तीच, चाळणी तीच, मीठही त्याच बाटलीतले. बरेच दिवस शोधल्यावर कळले की चाळलेले मीठ साच्यात भरून रात्रभर उघडे राहिले होते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून पाझरायला लागते. कणांच्या कडा विरघळतात, टेकलेल्या जागी मान तयार होते आणि सगळा साचा एकसंध जाळी बनतो. पॉलिमर मग त्या जाळीच्या फटींत उतरतो, आणि मीठ गेले की मानेच्या जागी रुंद दार उरते. नंतर साहित्यात पाहिले, तर ही मीठ सांधण्याची पद्धत लोक मुद्दाम वापरतात. तुम्ही ती ऋतूवर सोडू नका. २५० ते ४२५ मायक्रॉनच्या चाळण्यांमधले मीठ साच्यात ठोकून भरा, ३७ अंश आणि ९५ टक्के आर्द्रतेच्या बंद डब्यात ठेवा, आणि काही तासांपासून एका दिवसापर्यंत वेगवेगळे वेळ करून पाहा. नंतर ओव्हनमध्ये पूर्ण कोरडे करूनच द्रावण ओता. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत काम करत असाल तर उरलेले मीठ डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा, नाहीतर दर बॅच वेगळी येईल आणि कारण सापडणार नाही.

दारे उघडी आहेत का, ते पाहायला आधी मायक्रो सीटी, म्हणजे क्ष-किरणांनी काढलेले आतले त्रिमितीय चित्र, लागत नाही. तुकडा इथेनॉलमध्ये भिजवा, कारण कोरड्या पीसीएलवर पाण्याचा थेंब मण्यासारखा बसून राहतो. इथेनॉलच्या जागी हळूहळू पाणी येऊ द्या. मग एक टोक रंगीत पाण्यात टेकवून ठेवा आणि तासाभराने तुकडा उभा तोडा. रंग मध्यापर्यंत पोहोचला नसेल तर पेशीही पोहोचणार नाहीत. तोडताना ब्लेड वापरू नका. पीसीएल मऊ असते, ब्लेडखाली ते लिंपले जाते आणि छिद्रे बुजतात. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसते ती ब्लेडची करामत. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून चिमट्याने मोडा, कडा स्वच्छ येतात. मायक्रो सीटी कराल तेव्हा एका व्हॉक्सेलचा, म्हणजे त्या त्रिमितीय चित्रातल्या एका ठिपक्याचा, आकार विचारा. तो २० मायक्रॉन असेल आणि तुमची दारे ३०ची, तर सॉफ्टवेअरने दिलेल्या जोडणीच्या टक्केवारीवर विसंबू नका.

मीठ पूर्ण गेले का, हे शेवटच्या धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाहा. पांढरट गढूळपणा आला तर आणखी धुवा. क्लोरोफॉर्म वापरले असेल तर निर्वातात भरपूर सुकवा. औषधांमध्ये त्याची मर्यादा ६० पीपीएम आहे, आणि पेशी मेल्या तर दोष हायड्रॉक्सीअॅपेटाइटला लागेल.

आता हायड्रॉक्सीअॅपेटाइटकडे. ‘वीस टक्के घातले’ म्हणताना आपण वजनाचे बोलतो, पण यांत्रिक गुण आकारमानावर चालतात. हायड्रॉक्सीअॅपेटाइटची घनता ३.१६ आणि पीसीएलची १.१४५. वजनाने २० टक्के म्हणजे आकारमानाने फक्त ८.३ टक्के. वजनाने ४० टक्के गेले तरी आकारमानाने १९.५. एवढ्याने ताठपणा थोडा वाढतो, पण सच्छिद्रता दहा टक्क्यांनी कमी करण्याचा परिणाम त्याहून मोठा असतो. शिवाय नॅनो पावडर गुठळ्या धरते. त्या गुठळीपासूनच तडा सुरू होतो, म्हणून मात्रा वाढवत गेल्यावर ताकद एका टप्प्यानंतर खाली येते. माझ्या हातून पीसीएलमध्ये ३० टक्क्यांच्या पुढे समाधानकारक काही झालेले नाही. पावडर आधी द्रावकात अल्ट्रासोनिकवर सुटी करा, मग पॉलिमर विरघळवा. उलट क्रमाने केले तर घट्ट द्रावणात गुठळ्या फुटत नाहीत.

सच्छिद्रतेच्या हिशोबात इथेच एक चूक हमखास होते. ४० टक्के हायड्रॉक्सीअॅपेटाइटच्या मिश्रणाची भरीव घनता १.५४ येते. तुमच्या तुकड्याची ढोबळ घनता ०.४६ असेल तर सच्छिद्रता ७० टक्के. पण हिशोबात नुसत्या पीसीएलची घनता धरली तर ६० टक्के येईल. दहा टक्क्यांचा फरक केवळ भाजकामुळे पडतो, आणि मग ‘हायड्रॉक्सीअॅपेटाइट वाढवल्यावर सच्छिद्रता कमी झाली’ असा निष्कर्ष प्रबंधात जातो. तसेच, वजनाने ९० टक्के मीठ घातले म्हणजे ९० टक्के पोकळी होत नाही. मिठाची घनता २.१६ आहे. २० टक्के हायड्रॉक्सीअॅपेटाइटच्या मिश्रणाला हिशोब ८४-८५ टक्क्यांचा येतो. त्याहून जास्त मोजली गेली असेल तर मोजमाप पुन्हा पाहा, किंवा ओतताना हवा अडकली आहे.

हायड्रॉक्सीअॅपेटाइटचा खरा उपयोग ताकदीपेक्षा पृष्ठभागाला आहे. त्यावर प्रथिने बसतात, पेशी धरतात. पण द्रावणातून केलेल्या तुकड्यात प्रत्येक कण पीसीएलच्या पापुद्र्याखाली झाकलेला असतो, पेशीला तो दिसतच नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात थोडा वेळ ठेवले की पापुद्रा उतरतो, कण उघडे पडतात आणि पृष्ठभाग पाणी धरायला लागतो. वेळ जपून ठरवा, पातळ भिंती त्याच द्रावणात खाल्ल्या जातात. प्रक्रियेआधी आणि नंतर वजन घ्या.

पद्धत बदलावी का? संस्थेत वितळवून तार सोडणारा प्रिंटर असेल तर माझे उत्तर स्वच्छ हो आहे. पीसीएल ६० अंशांना वितळते, छपाई सोपी असते, आणि दारांची रुंदी तुम्ही ठरवता, नशीब नाही. सिंगापूरला हुटमाखर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ६१ टक्के सच्छिद्र पीसीएलच्या जाळ्या छापल्या. थरांची दिशा ०, ६०, १२० अंश अशी ठेवल्यावर ताठपणा जवळपास ४२ मेगापास्कल आणि ताकद ३.१ आली. वरच्या गणितातून ताठपणा ६१ च्या आसपास, म्हणजे त्याच पट्ट्यात येतो. ताकद मात्र फेसापेक्षा बरीच जास्त आहे, कारण तारा सलग असतात आणि सांध्यांवर आधार मिळतो. त्याच शहरातून पुढे कवटीच्या भोकासाठी पीसीएलच्या जाळ्या प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत गेल्या. तारेची जाडी ३०० आणि मधली फट ४०० मायक्रॉनच्या आसपास ठेवून सुरुवात करा. हायड्रॉक्सीअॅपेटाइट मिसळलेल्या मालात गुठळी राहिली की नोझल तुंबते, त्यामुळे मिसळण्याची शिस्त आपोआप लागते. प्रिंटर नसेल तर सांधलेल्या मिठाने ७० ते ७५ टक्के करा. वाईट नाही.

पॉलिमर बदलावा का, हे पुन्हा जागेवर ठरते. पीसीएल शरीरात विरून जायला दोन-तीन वर्षे घेते. कवटीत ते चालते, तिथे सावकाशपणाच हवा. जबड्याच्या खळग्यात मात्र चार-सहा महिन्यांनी दंतवैद्य इम्प्लांटचा स्क्रू बसवणार असतात, तेव्हा तिथे प्लास्टिक आडवे यायला नको. त्यासाठी कोलॅजन किंवा कायटोसान आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट अशी लवकर जाणारी जोडी बरी. कायटोसान कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून मिळते, आपल्याकडे त्याला तोटा नाही. पण अॅसेटिक आम्लात विरघळवून, गोठवून, सुकवलेला तुकडा अल्कलीने उदासीन न करता माध्यमात टाकला तर फुगून लगदा होतो. पीएलजीए हे दुसरे पॉलिमर झपाट्याने जाते, पण जाताना आम्ल सोडते आणि जाड भागात आतून आधी पोखरते. कॅल्शियम फॉस्फेट त्या आम्लाला थोडे आवरते. पॉलिमर नकोच असेल तर सिरॅमिकचा मार्गही आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हायड्रॉक्सीअॅपेटाइट आणि बायोग्लास यांचे सच्छिद्र संमिश्र केले आहे. त्या काचेचे मूळ लॅरी हेंच यांच्या १९६९ मधल्या फ्लोरिडातल्या कामात आहे. आठ महिन्यांत हा नवा मार्ग धरू नका, पण तुलनेसाठी वाचा.

पेशींच्या चाचण्यांत एक जागा अशी आहे जिथे प्रामाणिक माणूसही फसतो. अॅलिझरिन रेड कॅल्शियम रंगवते. पेशींनी खनिज घातले की तुकडा लाल होतो. पण तुमच्या तुकड्यात कॅल्शियम तुम्हीच घातले आहे! आमच्या पहिल्या प्रबंधाच्या वेळी लालभडक चित्रे पाहून सगळे खूश होतो. मग एका विद्यार्थिनीने पेशी न टाकलेला तुकडा त्याच रंगात बुडवला, आणि तोही तितकाच लाल निघाला. तीन महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले. तिने तो तुकडा बुडवला नसता तर चूक छापली गेली असती. प्रत्येक दिवसाच्या प्रत्येक मात्रेसाठी पेशीविरहित तुकडा सोबत ठेवा, तोही त्याच माध्यमात तेवढेच दिवस, आणि त्याचा आकडा वजा करा. जोडीला अल्कलाइन फॉस्फटेज आणि ऑस्टिओकॅल्सिन ही हाड घडवणाऱ्या पेशींची प्रथिने मोजा, ती पेशीच करू शकते.

जिवंत पेशी किती हे रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीआधी तुकडा नव्या खाचेत हलवा, कारण निम्म्या पेशी गळून प्लास्टिकच्या तळावर वाढलेल्या असतात आणि आकडा त्यांचा येतो. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून एमजी-६३ सहज मिळतात, पण त्या हाडाच्या कर्करोगाच्या पेशी आहेत, कुठेही वाढतात. त्यांच्यावर विष नाही एवढे सिद्ध करा, हाड तयार होईल असा दावा करू नका. कोकुबो यांच्या कृत्रिम रक्तद्रवात पृष्ठभागावर अॅपेटाइट जमले, तर तेही चांगले लक्षण आहे. हाडाशी सांधा जुळेल याची ती हमी नाही.

ताकद पुन्हा मोजाल तेव्हा ओला तुकडा ३७ अंशांना मोजा. दोन्ही टोके समांतर कापा, किमान पाच नमुने घ्या. निर्जंतुकीकरणानंतर मोजलेला आकडाच खरा धरा. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये पीसीएलचा थेंब होईल. सत्तर टक्के इथेनॉल पेशींच्या कामाला चालते, पण ते निर्जंतुकीकरण नव्हे. गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात, म्हणून त्यांच्या आधी आणि नंतर रेणुभार मोजा.

तुमच्या आठ महिन्यांसाठी मी असे करीन. परीक्षकांना जागा कळवा: कवटीचे भोक. सच्छिद्रता ६० ते ७० टक्के, हायड्रॉक्सीअॅपेटाइट वजनाने ०, १० आणि २०, बस. पहिले दोन महिने फक्त दारांवर घालवा, रंगीत पाणी मध्यापर्यंत जाईपर्यंत पेशींना हात लावू नका. प्राण्यांवरचा प्रयोग या मुदतीत धरू नका, संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी यायलाच वेळ जातो. मोठ्या उंदराच्या (रॅट) कवटीतले आठ मिलिमीटरचे भोक रिकामे ठेवलेल्या गटाशी ताडून पाहणे हा पुढच्या माणसाचा विषय आहे. आणि एक काम अजिबात लांबवू नका. पहिल्या चांगल्या बॅचमधले तीसेक तुकडे वजन करून, खुणा करून, ३७ अंशांच्या फॉस्फेट बफरमध्ये टाकून ठेवा, दर महिन्याला पाच काढायला. बाकी सगळी कामे धावपळ करून उरकता येतात. या तुकड्यांना मात्र त्यांचे सहा महिने द्यावेच लागतात.